चाड्यावरची मूठ

त्या बाईचा मला राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की माणूस भांडतं, चार दिवस बोलत नाही आणि मोकळं होतं. मला तिचा हेवा वाटत होता, आणि हेवा कुणाला सांगायची सोय नसते. नवऱ्याला सांगितला असता तर तो हसला असता. भावाला सांगायचा तर आधी आप्पांची मूठ म्हणजे काय हे त्याला समजावून द्यावं लागलं असतं. तो पुण्याला कंपनीत लागल्यापासून मूठ म्हणजे त्याच्या लेखी मूठभर फुटाणे.

आप्पा म्हणजे माझे वडील. लोहाऱ्याहून काळीपिवळीत बसून थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं. मला मुरुमला दिलं. नवऱ्याचं विहिरीच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे आणि सासरी शेताचा एक गुंठा नाही. आई गेल्यापासून मी दर शनिवारी डबा घेऊन आप्पांकडे जाते. धपाटे, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. आप्पा जेवतात, मी भांडी घासते, मग आम्ही दोघं ओसरीवर बसून गावाला नावं ठेवतो. एवढंच, पण तो वार माझा होता.

एका गुरुवारी त्यांचाच फोन आला. “शनवारी येऊ नको. क्लास हाय.”

“कुणाचा?”

“माजा.”

चौथीनंतर शाळेकडे न फिरकलेला माणूस कसला क्लास घेणार? मी शनिवारी मुद्दाम गेले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सभामंडपात बघा. तिथं जाऊन बघते तर आप्पा इस्त्रीचा सदरा घालून उभे, गळ्यात निळी दोरी आणि दोरीला कार्ड. कार्डावर त्यांचा आधार कार्डातलाच फोटो, नुकतंच पोलिसांनी धरून आणल्यासारखा. समोर ताडपत्रीवर माणसं बसली होती आणि आप्पा त्यांना ढेकूळ फोडून दाखवत होते.

ती माणसं मला तोंडओळखीची होती. कर्नाटकातल्या एका धरणात त्यांची गावं बुडाली. पांगत पांगत काही कुटुंबं आमच्या गावाबाहेरच्या वीटभट्टीवर येऊन थांबली आणि वर्षानुवर्षं थांबलीच. त्यांची पोरं आमच्या शाळेत शिकली, मराठीतून भांडायला लागली, तरी गावात त्यांचं नाव ‘भट्टीवरची’ असंच राहिलं. मग भट्टी बंद पडली. धाराशिवच्या एका संस्थेनं त्यांच्यासाठी कार्यक्रम काढला. गावातली पडीक रानं कसायला घ्यायची, घरटी एक एकर वाटून द्यायची आणि वर्षभर शेती शिकवायची. त्यांचे आईबाप शेतकरीच होते, पण नदीकाठच्या गाळाचे. आमच्याकडचं काळं रान पावसाच्या ओलीवर चालतं, त्याचं सगळंच निराळं. त्यात या माणसांच्या हातांनी इतकी वर्षं माती फक्त विटांच्या साच्यात घातलेली.

संस्थेच्या बाई चांगल्या होत्या. तरुण होत्या, पडद्यावर चित्रं दाखवायच्या. पहिल्या वर्गाला आप्पा नुसते चहा प्यायला म्हणून गेले होते. बाईंनी पेरणीची तारीख सांगितली तेव्हा मागून बोलले, “बाई, वल तारीख बगून येत न्हाय.” बाई हुशार. भांडत बसल्या नाहीत, पुढच्या आठवड्यात आप्पांनाच शिकवायला बोलावलं. तेव्हापासून आप्पा गावात कार्ड घालून फिरायला लागले. दळण आणायला गेले तरी कार्ड गळ्यात.

मी दाराशी उभी राहून कौतुकानं बघत होते. खरंच कौतुकानं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “अप्पा, वल किती खाली हाय ते कसं कळतंय?”

उंच, हाडापेरानं दणकट बाई. वय माझ्याएवढंच. कानडीत कुठल्याही वडीलधाऱ्याला अप्पा म्हणतात, एवढं मला कळतं. मुरुमच्या बाजारात अर्धी गिऱ्हाइकं कानडीच असतात. तरी मला आपल्या पिशवीत कुणीतरी हात घातल्यासारखं झालं. आणि आप्पा काय म्हणाले? “हां, शाबास. ह्ये इचारलीस बग.” मला त्यांनी आयुष्यात शाबास म्हटल्याचं आठवत नाही. मी दहावीला पास झाले तेव्हा ते म्हणाले होते, “झालं का एकदाचं?”

त्या शनिवारी डबा सभामंडपातच उघडला. आप्पांनी एक धपाटं स्वतः घेतलं, एक तिच्या हातावर ठेवलं. तिनं तिच्या फडक्यातली भाकरी काढली, तव्यावर कडक केलेली, पापडासारखी पातळ, आणि वर शेंगाची पूड. आप्पांनी ती कडाकडा खाल्ली. त्यांचे अर्धे दात गेलेत. माझ्याकडून ते चपातीसुद्धा दुधात बुडवून मागतात. “लई खुसखुशीत,” म्हणाले. घरी येऊन मी त्याच आठवड्यात कडक भाकरी करून बघितली. नवरा म्हणाला, दुकानात पत्रा म्हणून वापरता येईल.

पुढच्या प्रत्येक शनिवारी तेच. ती आधीच आलेली असायची. “ऊटा आतेन्री अप्पा?” म्हणजे जेवण झालं का. आप्पाही कानडीत उत्तर द्यायचे. तरुणपणी आळंदकडच्या बाजारांना बैल घ्यायला जायचे तेव्हाची ती कानडी, मी ती घरात कधी ऐकलेली नव्हती. दोघं काहीतरी बोलून हसायचे. मी विचारलं की आप्पा म्हणायचे, “काय न्हाय, बैलाची गंमत.” माझ्या बापाच्या पोटात एक अख्खी भाषा पडून होती आणि ती तिच्यासाठी बाहेर आली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एका शनिवारी गोठ्याच्या आढ्यावर टांगलेली तिफण खाली उतरलेली दिसली.

तिफण म्हणजे तीन दातांचं लाकडी पेरणीचं औत. पुढं बैल ओढतात. वर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. चाड्याला तळाशी तीन भोकं, त्यांतून तीन नळ्या खाली दातांपाशी जातात. तिफणीमागं चालणाऱ्यानं मुठीतलं बी चाड्यात सोडत जायचं, असं की तिन्ही नळ्यांत सारखं पडलं पाहिजे. चाल सारखी, मूठ सारखी. दिसायला मीठ टाकण्याएवढं सोपं. पण दोन महिन्यांनी पीक वर आलं की कुठं हात अडला, कुठं सैल पडला, सगळं रानात उभं राहतं, आणि येणारा-जाणारा बांधावरून वाचतो. आप्पांची मूठ आमच्या भागात नावाजलेली होती. लोक त्यांना पेरायला बोलवायचे. तरुणपणी त्यांच्या उजव्या हाताची करंगळी जुवाखाली सापडली, तेव्हापासून ती वाकत नाही. बी सोडताना बाकीची बोटं मिटलेली आणि करंगळी ताठ बाहेर. लहानपणी मला वाटायचं, पेरतात ते त्या करंगळीच्या जोरावरच.

मला ती मूठ हवी होती. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून हवी होती. आमच्या घराण्यात रीत अशी की सुनेनं चाडं धरलेलं चालतं, लेकीनं धरायचं नाही. लेकीबरोबर मूठ सासरी जाते आणि रान रुसतं म्हणे. आईनं जन्मभर चाडं धरलं, आप्पांनीच तिला शिकवलं. भावाला शिकवलं, तो कंटाळून पळायचा. मी गोठ्यामागं फुटक्या नरसाळ्यात वाळू सोडत चालायची, करंगळी ताठ करून. आप्पांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, “सासरी जाऊन पेर.” आणि मग लग्न लावून दिलं मोटारीच्या दुकानात.

आता तिफणीनं पेरतं कोण? आप्पांचं रानही बटईनं दिलेलं, ट्रॅक्टरनं पेरलं जातं. पण भट्टीवरच्यांचे एक-एक एकराचे तुकडे उंचसखल, ट्रॅक्टर नीट वळत नाही, म्हणून आप्पांनी तिफण काढली. शेजाऱ्याची बैलजोडी ठरवली. आणि त्या दिवशी चहा पिताना मी बघितलं, आप्पांच्या हातातली बशी वाजत होती. कपाखाली नुसती थडथडत होती. उमरग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा थरथराट वाढत जाईल. मला त्यांनी सांगितलंच नव्हतं. तिला ठाऊक होतं. शेजारी चहा पीत बसलेल्या तिनंच ते मला सांगितलं.

“ह्या साली पेरतो,” आप्पा म्हणाले. “म्होरल्या साली हात ऐकंल का न्हाय कुणाला ठावं. हिला शिकवून सोडतो. तिफण बी हिच्याकडंच ऱ्हाऊ दे.”

मी कप घासायला उठले. मोरीत बसून एकच कप मी इतका वेळ घासला की त्याची दांडी हातात आली.

हस्त नक्षत्र संपता संपता तिच्या एकरात पेरणी लागली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी दुकानातून नवऱ्याची मोटारसायकल मागून घेतली नाही, एसटीनं गेले, पुढं चालत गेले. तिचा चेहरा मला नीट बघायचा होता. चुकताना.

ती चुकली नाही. दोन आठवडे सभामंडपासमोर वाळूवर हात बसवला होता तिनं. आप्पा शेजारून चालत होते, हात मागं बांधून. “सोड… सोड… हाताकडं बगू नको, बैलाच्या पायाकडं बग… हां.” ती चालत होती, पदर खोचलेला, ओटीत बियाणं. तिची मूठ चाड्यावर होती आणि मला दिसलं की तिची करंगळी ताठ बाहेर आहे.

तिच्या करंगळीला काहीही झालेलं नव्हतं. ती आप्पांचं बघून शिकली होती, आणि जे बघितलं ते सगळं उचललं. शिकवणाऱ्याचं दुखणंसुद्धा. तिला कुणी सांगितलं नसेल की बाई, तेवढं सोड. आप्पांना तर दिसलंही नसेल. मला मात्र त्या एकरात दुसरं काही दिसेना. ते माझं होतं. नरसाळ्याच्या वेळेपासून माझं होतं.

दुपारी बैल सोडल्यावर मी आप्पांना म्हटलं, “विहिरीकडची पट्टी मी पेरणार.”

विहिरीकडं आप्पांच्या रानाची एक निमुळती पट्टी आहे. ट्रॅक्टर जात नाही म्हणून बटईदार ती सोडून देतो. लेकीनं चाडं धरू नये वगैरे आप्पा काही बोलले नाहीत. म्हणाले, “आदी दोन दिस वाळूवर हात फिरवून घे. हिच्यासंगं.”

हिच्यासंगं!

“नको. मला येतं,” मी म्हटलं.

“येतं व्हय?”

“येतं.”

आप्पांनी खांदे उडवले. शेजाऱ्यानं बैल जुंपले. मी ओटीत ज्वारी घेतली, करंगळी ताठ केली आणि चाडं धरलं. खरं सांगते, पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, असं गेलं की मला रडू येत होतं. पायाखाली उघडी माती, वाटीत बी घरंगळल्याचा बारीक आवाज, नळ्यांतून खाली जातंय. मागं वळून मी आप्पांकडं बघितलं. ते बांधावर बसून तिला कानडीत काहीतरी सांगत होते. दुसऱ्या तासाला बघितलं, तरी तेच. पूर्ण पट्टी मी अशीच पेरली, पाय पुढं आणि मान बांधाकडं. शेवटी आप्पा उठून आले, तिफणीवर हात ठेवला आणि फक्त “झालं?” म्हणाले.

दिवाळीत जाऊन आले तेव्हा ज्वारी टीचभर होती, काही कळत नव्हतं. येळवसेला कळलं.

मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. गावं ओस पडतात, जो तो आपल्या शेतात. कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि अंबील उभ्या पिकावर शिंपडत हाळी देत फिरायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या. ज्याचं शेत आहे तो त्या दिवशी आपलं शेत सोडून दुसरीकडं जेवत नाही. ज्याला शेत नाही त्याला मात्र आवर्जून बोलवायचं, त्याला उपाशी ठेवायचं नाही. आई होती तेव्हा आदल्या दिवशी मलाच भट्टीवर पाठवायची. मी लेकराबाळांसह माहेरी आलेली असायचे, मुरुमला शेत कुठलं. भट्टीच्या तोंडाशी उभी राहून मी ओरडायची, “तुमाला शेत न्हाय, उद्या आमच्याकडं जेवाय या गं!” चांगल्या मनानं ओरडायची. त्या येणाऱ्या बायकांत ती असणारच. माझ्या हातची भज्जी तिनं कितीदा खाल्ली असेल. मला तिचं तोंड आठवत नाही.

यंदा आदल्या दिवशी मी अंगणात भाज्या निवडत बसले होते. आप्पा बाजेवर. ती आली, नवं लुगडं नव्हतं पण धुतलेलं, कडक. हातात हळदीकुंकवाची डबी.

“अप्पा, उद्या आमच्या कोपीत या जेवाय. पैलीच कोप हाय आमची.”

आप्पा तोंड उघडायच्या आत मीच बोलले. “आप्पांचं स्वतःचं रान असताना ते दुसऱ्याच्या शेतात कसे येतील? एवढी वर्षं आमच्याकडं जेवलीस, रीत ठाऊक नाही का तुला?”

ती ओशाळली. खरंच ओशाळली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग तिनं थोडा विचार केला, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

“मग आक्का, तुमी या की. तुमाला शेत न्हाय.”

तिच्या आवाजात काही नव्हतं. टोमणा नाही, टोचणी नाही. भट्टीच्या तोंडाशी उभी राहून मी ज्या आवाजात ओरडायची, तोच आवाज. माझ्या कपाळाला कुंकू लावून ती गेली. मी वाटाण्याच्या शेंगा सोलत राहिले.

खोटं काय होतं त्यात? नवऱ्याचं दुकान आहे. आप्पांचं रान भावाच्या नावावर झालं, तेव्हा मीच हक्कसोड करून दिली होती. तहसीलला जाऊन, हसत हसत, भावानं घेतलेली साडी नेसून. सगळ्याच बहिणी देतात. माझ्या मनाला तेव्हा काही लागलंही नव्हतं. ते त्या दिवशी, वाटाण्यांच्या ढिगापाशी लागलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या कोपीत पूजा झाली, जेवणं झाली. भाऊ पुण्याहून गाडीनं आला होता, फोटो काढत होता. आप्पा अंबिलाचं बिंदगं घेऊन निघाले, मी मागं. विहिरीकडच्या पट्टीपाशी थांबले. कमरेपार ज्वारी. सगळीकडं माझा हात दिसत होता. मधल्या तासांना विरळ, आणि बांधापाशी, जिथं बैल वळतात, तिथं झुडपासारखे गच्च पुंजके. एकात एक अडकलेली पिवळी, बारीक ताटं. कणीस काही धरणार नव्हती.

“वळणावर मूठ मिटायची असती,” आप्पा म्हणाले. “तिफण उचलली, बैल फिरला, तवर मिटायची. तू उगडीच ठिवलीस. समदं बी एका जागी.”

“सांगितलं का नाही?”

“तुला येत हुतं.”

मग मी विचारलं. बोलायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. “तिला शिकवलंत. ती तुमची लेक नाही, सून नाही. मला का नाही शिकवलंत?”

आप्पा अंबील शिंपडत होते. हात थरथरत होता, त्यामुळं अंबील कमी आणि त्यांच्या धोतरावर जास्त. “तिचं रान पाण्यात गेलं माय. जिला काय न्हाय तिच्या हातात काय तरी द्यावं लागतंय.”

“मला काय आहे?”

ते थांबले. त्यांनी बिंदगं माझ्याकडं दिलं आणि म्हणाले, “चल, तिच्याकडं जाऊन येऊ.”

आप्पांनी त्या दिवशी रीत मोडली आणि स्वतःचं शेत असून दुसऱ्याच्या शेतात जेवले. मी मात्र रीतीप्रमाणेच जेवले. तिच्या एकरात ज्वारी अशी उभी होती की बांधावरून या टोकाचं त्या टोकाला दिसावं. वळणांवर एक ताट जास्त नाही. मी शोधत होते, खोटं कशाला बोलू. तिनं मला आग्रहानं उंडा वाढला. चव चांगली होती, हेही मला आवडलं नाही.

उन्हाळ्यात संस्थेनं नवा वर्ग काढला. यंदा तेलंगणातून खडी फोडायला आलेली काही कुटुंबं होती, आणखी दोन-चार इकडची तिकडची. शनिवार होता. मी डबा घेऊन सभामंडपात गेले आणि ताडपत्रीवर मागच्या रांगेत जाऊन बसले. संस्थेच्या बाई जवळ आल्या.

“आप्पांची मुलगी ना तुम्ही? बघायला आलात?”

“शिकायला,” मी म्हटलं.

त्या हसल्या. “ताई, हा वर्ग बाहेरून आलेल्यांसाठी आहे. ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी.”

“मी मुरुमहून आले. मला शेत नाही.”

बाईंनी आप्पांकडं बघितलं. आप्पा गळ्यातलं कार्ड दोन्ही हातांत धरून उभे होते, हातांची थरथर दिसू नये म्हणून. “बसू द्या तिला,” म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता तिफणीकडं गेले.

तिफण मंडपाच्या फरशीवर उभी केली होती, खाली पोतं अंथरलं होतं. एकेकानं चाड्यात वाळू सोडायची, खाली तीन ढीग पडतात. ढीग सारखे झाले म्हणजे हात बसला. पहिल्यांदा तिनं करून दाखवलं. ती आता आप्पांची मदतनीस होती, तिलाही कार्ड मिळालं होतं, फोटो माझ्या आप्पांपेक्षा चांगला. तिचे तीन ढीग मापानं ओतल्यासारखे पडले. माझी पाळी आली. एक ढीग मोठा, एक चिमूटभर, तिसऱ्या नळीत वाळू गेलीच नाही. कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं.

“आप्पा, तुम्ही दाखवा,” मी म्हटलं. “मला तुमचा हात बघायचाय.”

एवढंच मला हवं होतं, इतकी वर्षं. ते पुढं आले. वाळूची मूठ भरली आणि चाड्यावर हात धरला. हात ऐकेना. वाळू चाड्याबाहेर, फरशीवर, त्यांच्या पायांवर पडत राहिली. करंगळी तेवढी ताठ होती. मंडपात कुणी हसलं नाही. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. आप्पांनी रिकामा हात मागं घेतला, धोतराला पुसला.

“तिचा बग,” ते हळू म्हणाले. “माजा हात आता त्योच हाय.”

ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिनं नवी मूठ भरली आणि हळू, मला दिसेल अशी, सोडायला लागली. मी बघितलं. आत्तापर्यंत मी तिच्याकडं नुसता हेवा करायला बघत होते, हात असा कधी बघितलाच नव्हता. अंगठा कसा दाबतो, मधलं बोट कसं ढिलं होतं, मनगट जरासं आत. सगळं आप्पांचं. माझा हेवा कमी झाला नाही. उलट वाढला, कारण आता तो हात मला मिळायचा तर तिच्याकडूनच मिळणार होता, दुसरीकडं तो कुठंच उरला नव्हता.

“घ्या आक्का,” ती म्हणाली, आणि माझ्या तळहातावर वाळू ओतली. “वळण आलं म्हून सांगते, तवा मिटा.”

आप्पा ताडपत्रीच्या कडेला खाली बसले होते, हात मांडीखाली घालून. मी चाड्यावर हात नेला, करंगळी ताठ केली आणि मूठ सैल सोडली.